छत्तीस साखळ्या पूर्वेला

पेडगाव, ता. जि. परभणी
सोमवार, १३ जानेवारी २०२५

श्री. भागवतराव, निवृत्त वाहक, गंगाखेड आगार, यांस

पत्राला कारण एवढंच की तुम्ही माझा नंबर बंद करून ठेवला आहे. टपालखात्यात अजून तशी सोय निघालेली नाही.

‘तुम्ही’ वाचून हसू नको. एकोणीस वर्षं अरे-तुरे केलं, पण ज्याचा फोटो पेपरात येतो त्याला अहो-जाहो करावं लागतं. कालच्या अंकात, पान चारवर, खालच्या अंगाला, तीन कॉलम: ‘नकटीच्या बरडावरील हरवलेल्या सोन्याच्या खाणीचा शोध अंतिम टप्प्यात’. फोटोत डावीकडून दुसरे तुम्ही. पहिला तो पूर्णा जंक्शनचा इंजिनीअर जीवन, गळ्यात दुर्बीण आणि हातात ड्रोनचं रिमोट. तुमच्या नावाआधी ‘ज्येष्ठ शोधक’ असं छापलं आहे. माझं नाव नाही. बातमी तीनदा वाचली. एके जागी ‘एका स्थानिक अर्जनवीसाने केलेले जुन्या उर्दू कागदाचे ढोबळ भाषांतर’ असा उल्लेख सापडला. परभणीच्या तहसीलसमोर उर्दू वाचणारा अर्जनवीस सध्या एकच आहे, तेव्हा तो मीच असणार. ढोबळ हा शब्द कुणाचा? तुझा, त्याचा, की पत्रकाराचा? तेवढं कळव.

तुझ्या हातातली काठीही माझी आहे. बाभळीची, वरच्या टोकाला तांब्याची तार, सात वेढे. मोजून बघ.

बातमीतल्या बाकीच्या चुका सांगत बसलो तर पान पुरायचं नाही. खाणवाला साहेब इंग्लंडहून थेट जिंतूरच्या डोंगरात आला असं आजवर एकाही माणसानं आपल्याला सांगितलेलं नाही. लोक म्हणतात तो रायचूरकडच्या हट्टीच्या खाणीवरून आला, निजामाची चिठ्ठी घेऊन. नकटीचं नाक दरोडेखोरांनी कापलं नाही, साहेबानं कापलं, कारण खाणीतल्या सोन्याची नथ घालून ती बाजारात गेली. आणि सोन्यावर चरून शेळ्यांचे दात पिवळे होतात ते बरडाच्या उत्तर अंगाला चरणाऱ्यांचे. पेपरात दक्षिण छापलंय. बेचाळीस शेळ्यांचे दात आपण बघितले, जबडा तू धरायचास आणि वहीत मी लिहायचो, उत्तरेच्या सतरा पिवळ्या आणि दक्षिणेच्या चार. तुझा अंगठा ज्या बकरीनं चावला ती दक्षिणेची. जिंतूरच्या सोनारानं आपला दगड कसाला लावून “ह्याच्यापरीस पितळ बरं” म्हणून परत दिला होता, ते मात्र बातमीत कुठं नाही. ते बरोबर गाळलंत.

धुरपताबाईंचं नावसुद्धा ‘धोंडाबाई’ झालंय. बरडाखालच्या वस्तीत खाणीची गोष्ट सगळ्यात जास्त जिला ठाऊक ती म्हातारी दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी वारली, तिच्या दहाव्याला आपण दोघं गेलो, कावळा शिवेपर्यंत तू उन्हात उभा होतास, आणि तिचं नाव तू पत्रकाराला नीट सांगू शकला नाहीस.

त्या दहाव्यानंतरचा रविवार, २७ ऑक्टोबर. तो आपला शेवटचा. दिवाळीनंतर, १० नोव्हेंबरला, मी सव्वासातलाच परभणीच्या स्टँडवर होतो. सात चाळीसची जिंतूर गाडी लागली, भरली, सुटली. मग तुझा फोन आला की तू जीवनच्या कारमधून जिंतूर ओलांडून गेलास आणि “जागा नव्हती लेका.” कारमध्ये पाच माणसं बसतात. तुम्ही दोघं होता.

एस.टी.त खिडकीची जागा एकोणीस वर्षं तू मला दिलीस. कंडक्टर असताना आणि रिटायर झाल्यावरसुद्धा. त्या कारमध्ये खिडकीला कोण बसतं, एवढंच विचारायचं होतं.

हे लिहिताना छबू मागून येऊन म्हणाली, “कुणाला लिवायलाव? सवतीला का?” मी म्हटलं, सवत आली म्हणूनच लिहितोय. तिला लय हसू आलं.

उद्या संक्रांत. यंदा तिळगूळ पाठवत नाही.

वैजीनाथ
अर्जनवीस

*

पेडगाव
गुरुवार, २३ जानेवारी २०२५

भागवत,

तुझं कार्ड मिळालं. ‘ढोबळ हा शब्द पत्रकाराचा. काठी परत पाठवतो. जीवन चांगला माणूस आहे.’ तीन वाक्यं. तिकिटाच्या मागंसुद्धा तू याच्यापेक्षा जास्त लिहायचास.

काठी पाठवू नको. वापर.

चांगल्या माणसाचा व्हिडिओ काल बघितला, सूनबाईच्या मोबाईलवर. पंकजानं लावून दिला आणि मग ‘मामा, पाणी तापलंय’ असं दोनदा सांगून गेली तरी मी जागचा उठलो नाही. ड्रोननं वरून सावली टिपली आणि पडक्या महादेवाच्या देवळाचं जोतं सापडलं म्हणे. चांगली गोष्ट आहे. आपण त्या जोत्यावर बसून किती वेळा भाकरी खाल्ली ते मी मोजलेलं नाही, पण ते कातळ नसून जोतं आहे हे आपल्याला कळलं नाही, हे कबूल. पुढं तो काय म्हणतो? ‘कागदात देवळापासून पूर्वेला छत्तीस साखळ्या असं आहे. आम्ही मोजलं तर थेट ओढ्यात उतरलो. त्याअर्थी भाषांतरच चुकीचं आहे.’ आणि तू मागं उभा. मान हलवत होतास. मी तेवढा तुकडा चारदा मागं घेऊन बघितला. ‘हो’ अशीच मान हलतेय.

आता नीट वाच, आणि त्यालाही वाचून दाखव.

तो कागद २०२१ मध्ये एका शेतकऱ्याच्या गाठोड्यातून माझ्यासमोर आला. पहिलं पान नाही, कुणी कुणाला लिहिलं ते नाही. आहे ते एवढं: देवळाच्या जोत्यापासून सरळ पूर्वेला छत्तीस साखळ्या, तिथं जमिनीखाली पोकळी, तोंड एक माणूस जाईल एवढं, खोली दोन परस, माल गाढवांवर नेला जातो. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस, हे पूर्ण्यात शिकवत नसतील तर सांगून ठेवतो. यातला एकेक शब्द मी अकरा दिवस घासून काढला आहे. मी सातवी पास. उर्दू सत्ताविसाव्या वर्षी शिकलो, रद्दीत मिळालेल्या पहिलीच्या पुस्तकावरून, आणि अडलं की जुन्या मोंढ्यातल्या मौलवीसाहेबांना विचारून. माझ्या वाचनावर आजवर सत्तेचाळीस खासरे, म्हणजे जमिनीचे जुने उतारे, दुरुस्त झालेत. एकही परत आलेला नाही.

भाषांतर बरोबर आहे. तुमची साखळी चुकीची आहे. जीवननं मोबाईलला विचारलं असणार, साखळी म्हणजे किती, आणि मोबाईलनं सांगितलं सहासष्ट फूट. ती इंग्रजांची. आपल्याकडच्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. म्हणूनच आपला गुंठा तेहतीस बाय तेहतीस असतो. हे पेडगावात बैल राखणाऱ्यालाही माहीत असतं, इंजिनीअरला नसतं. छत्तीस साखळ्या म्हणजे अकराशे अठ्ठ्याऐंशी फूट. तुम्ही तेवीसशे शहात्तर चाललात. दुप्पट चाललं की ओढाच लागणार.

हे लिहून झालं आणि पान फाडावंसं वाटलं. हे मी तुम्हाला सांगायला नको होतं. त्याचं कारण इथं लिहीत नाही. पण तीन हजार लोकांनी तो व्हिडिओ बघितलाय, आणि माझं भाषांतर चुकीचं म्हणून तसंच राहिलं तर मला जेवण जायचं नाही.

वैजीनाथ

*

परभणी, तहसीलसमोर
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

श्री. भागवतराव यांस

तुमच्या आगाराचा दत्ता कंडक्टर काल दुपारी माझ्या टेबलाशी आला, हातात पेढ्याचा पुडा. “भागवतभाऊंनी निरोप दिलाय, छत्तीस बरोबर निघाली. काठी आपटली की पोकळ आवाज यायलाय. खाली शिळा लागली. रविवारी, सोळा तारखेला, उघडायची. जीवन सर मोबाईलवर समद्यांना दाखवणार, लाइव्ह. अन् पैले भागवतभाऊ उतरणार.”

पेढा मी घेतला. शेजारच्या बन्सीधर स्टॅम्पवाल्याला देऊन टाकला. तो म्हणाला, वैजीनाथराव, तुमची खाण सापडली की. मी म्हटलं, माझी नाही.

ज्या काठीनं पोकळ आवाज आला ती माझी. ज्या आकड्यानं जागा सापडली तो माझा. आणि निरोप आणायला एस.टी.चा कंडक्टर. तू स्वतः आला असतास तरी मी काही बोललो नसतो. बहुतेक.

दोन-तीन गोष्टी विचारायच्या होत्या. शिळेच्या कडेनं चिखल आणि शेण लिंपलेलं दिसतं का? पांढरं, वाळून पोपडे धरलेलं? एखाद्या फटीतून आंबूस वास येतो का? उगीच विचारतो. वहीत नोंद करायला.

आणि एक सुचवतो. तुझा गुडघा चांगला नाही. मागच्या वर्षी बरडाच्या अर्ध्यावर बसून राहिला होतास, तेव्हा तुला खांदा कुणी दिला ते तुला आठवत असेल. दोरीवरून उतरणं तुझं काम नाही. पहिला उतरण्याचा मान जीवनला दे. यंत्र त्याचं, गाडी त्याची, लोक त्याला बघणार. शोभेल.

मी येणार नाही. मला बोलावलेलंही नाही.

वैजीनाथ

*

पेडगाव
शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५

भागवत,

हे टपालानं वेळेत पोचायचं नाही म्हणून दत्ताच्या हाती देतोय. तोंडीसुद्धा सांगून ठेवलंय: रविवारी कुणीही आत उतरायचं नाही. का, ते खाली आहे. उभ्या उभ्या वाचू नको, बसून वाच.

परवा जीवन माझ्या टेबलाशी आला होता. एकटाच. तहसीलसमोर सगळ्या अर्जनवीसांची रांग बसलेली, त्यांच्यादेखत खाली वाकला आणि माझ्या पायाला हात लावला. म्हणाला, काका, साखळीची चूक माझी, भाषांतर बरोबर होतं, मी नवीन व्हिडिओत तसं सांगितलंय, तुमच्या नावासकट. मग म्हणाला, “भागवतकाकांनी तुमचं पत्र वाचून दाखवलं. पहिला मान तुम्ही मला दिलात. रविवारी मीच उतरतो.”

मी त्याला चहा पाजला. त्यानं बिस्किटं चहात बुडवून खाल्ली. मला त्याच्याशी एक वाक्य बोलायचं होतं आणि रांगेतले सातजण ऐकत होते, म्हणून बोललो नाही. तो गेला. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. काल एका बाईच्या वारसाच्या अर्जावर मी गट नंबर चुकीचा घातला. असं माझ्या हातून आजवर झालेलं नाही.

मागच्या पत्रातलं ‘मान जीवनला दे’ हे वाक्य काढ आणि परत वाच. ते चांगल्या मनानं लिहिलेलं नव्हतं. लिहिताना मला माहीत होतं आत काय आहे. तू उतरू नयेस एवढं मला पाहिजे होतं. तो उतरला तर काय, याचा विचार मी केला, आणि तरी पाकीट बंद केलं.

तिथं खाण नाही. पेव आहे. ज्वारी पुरून ठेवायचं पेव.

धुरपताबाईंनी मला सांगितलं. संक्रांतीच्या आधी त्यांच्या निराधारच्या अर्जासाठी गेलो होतो तेव्हा. त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण मी तेव्हा वहीत उतरवून घेतलं: “सोनं कशाचं रे बाबा. जवारी व्हती. निजामाचे लेव्हीवाले घराघरात सळया खुपसून बगायचे अन् समदी उचलून न्यायचे. मंग सासऱ्यानं बरडावर पेव खांदलं. म्या बारा वर्साची सून, अंगानं काडी. मला आत सोडायचे सारवायला. समदं पेव म्या ह्या हातानं सारवलंय.”

गावात कुणाला शंका येऊ नये म्हणून सासऱ्यानं साहेबाची गोष्ट लावून दिली. नकटीची सासूनं, बायकांनी सरपणाला तिकडं जाऊ नये म्हणून. कागद कुणीतरी लेव्हीवाल्यांना केलेली चुगली असणार. पहिलं पान नसल्यामुळं गाढवांवरचा माल कसला ते आपल्याला कळलं नाही, आणि आपण आपल्या मनानं सोनं भरलं.

आता मुख्य. पेव उघडल्या उघडल्या कुणी उतरत नसतं. जुनी माणसं तोंड काढून एक अख्खा दिवस तसंच ठेवायची. मग दोरीला कंदील बांधून सोडायची. कंदील जळत राहिला तरच माणूस. विझला तर कुणी नाही. ज्वारी आत आंबते आणि हवा मरते. वरून काही दिसत नाही, वास येईलच असंही नाही. धुरपताबाईंचा दीर घाईनं उतरला. पोती भरायला खाली वाकला तो वर आलाच नाही. तो वारल्यावर सासऱ्यानं ज्वारी आत तशीच ठेवून शिळा बसवली, लिंपली, आणि परत कधी काढली नाही. म्हणजे आत पंचाहत्तर-सत्त्याहत्तर वर्षांचं आंबलेलं धान्य आहे. डोक्याला बॅटरी लावून उतरणाऱ्याला बॅटरी काही सांगत नाही. बॅटरी मेलेल्या हवेतही जळते.

जीवनचा नंबर माझ्याकडं नाही. असता तरी हे त्याला फोनवर सांगायला माझी जीभ वळली असती की नाही, शंका आहे. तू सांग.

वैजीनाथ

*

पेडगाव
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

भागवत,

काल तुझ्याशी जे बोलायचं होतं ते तिथं बोलता आलं नाही. म्हणून क्रमानं लिहितो. क्रमानं लिहिलं की मला सुचतं.

सात चाळीसच्या गाडीनं निघालो. मांडीवर पिशवी, पिशवीत कंदील. छबूनं रॉकेल कुठून पैदा केलं ते तिनं सांगितलं नाही, काच मात्र राखेनं घासून दिली. बरडाखाली चांगुणाबाईच्या हॉटेलावर न थांबता तसाच वर चढलो. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. शिळा आधीच बाजूला होती. चाळीस-पंचेचाळीस माणसं, एक पिकअप, डोक्यावर ते ड्रोन घोंगावतंय, आणि जीवन कमरेला दोरी बांधून काठावर बसलेला, पाय आत.

तू मला बघितलंस. “आला का? सांग ह्याला. म्या सकाळपासून सांगायलोय, ह्यो म्हणतो अकराशे लोक बगायलेत, आता कसं थांबू,” एवढं बोलून तू बाजूला झालास. तुझा आवाज बसला होता. तू सकाळपासून खरंच सांगत असणार.

मी पिशवी उघडली. कंदील पेटवला, दोरी बांधली, आणि त्याच्या दोन पायांच्या मधून आत सोडला. एक परस गेला तेव्हा ज्योत बारीक झाली. आणखी दोन हात सोडला तर विझली. लोक म्हणाले वारा असेल. वर काढून परत पेटवला, परत सोडला, परत तिथंच. मग जीवननं तो माझ्या हातातून घेतला आणि तिसऱ्यांदा स्वतः सोडला. विझल्यावर त्यानं पाय वर घेतले. कमरेची गाठ सोडायला त्याला बराच वेळ लागला. मी पुढं होऊन सोडली.

त्याच्याजवळ इतका आलो तेव्हा पहिल्यांदा दिसलं की त्याच्या कानामागं केस पांढरे व्हायला लागलेत. मी त्याला उगीच पोरगेला समजत होतो.

मग कुणीतरी गळ टाकून आतलं काय ते ओढलं. काळी ढेप, कुजलेल्या ज्वारीची, आणि तिच्याबरोबर कडेच्या सारवणाचा हातभर पोपडा. लोकांनी ढेप बघितली, दोघं-तिघं “सोनं निगालं रे” म्हणून हसले आणि उतरायला लागले. पोपडा तू उचललास. त्यावर बोटांचे फराटे होते, चार-चार, जवळजवळ. लहान हाताचे. तू तुझी बोटं त्यावर ठेवून बघितलीस, बसली नाहीत.

आणि मग तू खिशातून माझं पत्र काढलंस.

“वैजू, दसऱ्याला गेलेली बाई संक्रांतीला बोलली व्हय?”

मी कंदील खाली ठेवला.

“तिच्या दहाव्याला आपुन दोघं व्हतो. तुझी तारीख कवा चुकत न्हाई. हितं चुकली. कवापासून ठाव हाय तुला?”

खोटं बोलायची सवय लागते भागवत, मला ती नव्हती, म्हणून लिहिताना फसलो. तोंडानं तर जमलंच नाही. तू विचारलंस आणि मी तहसीलदारासमोर सांगावं तसं सांगितलं: चौदा मे दोन हजार तेवीस, रविवार. तुझ्या प्रियांकाचं लग्न होतं म्हणून तू आला नव्हतास. मी एकटा गेलो होतो.

तू थोडा वेळ पत्राची घडी घालत राहिलास. “मंग इतके रविवार मला ह्या बरडावर काहून फिरवलंस?”

मी म्हणालो, “शहात्तर. त्यातले नऊ आपण गेलो नाही.”

“म्या काहून इचारलं. किती न्हाई.”

चाळिसातली वीस-पंचवीस माणसं अजून तिथंच होती, ते ड्रोन अजून वर होतं, आणि जीवन आपल्याकडं पाठ करून दोरी गुंडाळत होता, गुंडाळलेली सोडून परत गुंडाळत होता. मला उत्तर माहीत होतं. तोंडातून निघालं नाही.

आता लिहितो.

त्या मे महिन्यात म्हातारीचं ऐकून बरडावरून उतरलो तेव्हा माझ्या हातात एकोणीस नाही, तोवर अठरा वर्षांचं उत्तर होतं. चांगुणाबाईच्या बाकड्यावर बसून मी वही काढली, तुला फोन लावायला मोबाईल काढला. मग मनात आलं, सांगितलं तर पुढच्या रविवारी तू गंगाखेडहून कशाला येशील? कोणत्या कामानं? तुझं घर, तुझे भाऊ, तुझे आगारातले पन्नास दोस्त. माझं टेबल आणि वही. फोन ठेवून दिला. पुढच्या रविवारी तुला म्हणालो की त्या दिवशी काही विशेष सापडलं नाही. नंतर तुला उत्तरेला नेलं, पश्चिमेला नेलं, येलदरीच्या बाजूला नेलं. जिथं पेव नव्हतं तिथं तिथं. शेळ्यांचे दात दुसऱ्यांदा मोजायला लावले. तू मोजलेस.

मग जीवन आला. त्यानं तुला आभाळातून बरड दाखवला. मी काय दाखवणार होतो? तो तुझ्या फोटोत उभा राहिला, माझी काठी तुझ्या हातात, आणि तू त्याच्याकडं बघून हसत होतास. पेपरातला तो फोटो मी कापून ठेवलाय. त्याचा भाग दुमडून ठेवलाय. म्हणजे हे असं आहे. यापेक्षा मोठं कारण माझ्याजवळ नाही, आणि त्यापायी मी एका माणसाला जवळजवळ आत सोडला होता. त्याला मी पत्र लिहिणार आहे, वेगळं. त्यात ‘मान’ या वाक्याचा खुलासा करणार आहे. तू आधीच केला असशील तर तेही योग्य आहे.

परतीच्या गाडीत तू ड्रायव्हरच्या मागं बसलास, मी मागून तिसऱ्या बाकावर. जीवन म्हणत होता कारमध्ये या दोघं, तर तू नको म्हणालास, मीही नको म्हणालो. परभणीला उतरून तू गंगाखेडच्या गाडीकडं चालत गेलास. मागं वळला नाहीस. काठी माझ्या बाकाला टेकवून गेला होतास ते मला स्टँडवर सगळे उतरल्यावर दिसलं. घरी आणलीय. सातही वेढे आहेत.

छबूनं दारातच विचारलं, “काय झालं मंग तुमच्या सवतीचं?” मी कंदील तिच्या हातात दिला. तिनं काच बघितली, काजळी बघितली, आणि भाकरी टाकायला गेली.

येत्या रविवारी तेवीस तारीख आहे. सात चाळीसची गाडी आहे, वेळ बदललेली नाही, मी आज चौकशी खिडकीवर विचारून आलो. शोधायला काही उरलेलं नाही. पेवाचं तोंड उघडं राहिलंय, त्यावर काटे टाकून यायला पाहिजेत, नाहीतर एखादी शेळी पडेल. एवढं काम दाखवता येईल. मी सव्वासातला स्टँडवर असेन. तू नाही आलास तर एकटा जाऊन काटे टाकीन.

जीवनला आणू नको.

वरचं वाक्य खोडलंय, पण वाचता येईल असंच खोडलंय. आणायचा तर आण. कार नको म्हणावं, एस.टी.नं ये. तिघांचं बाक असतं, तू मधे बस.

खिडकी माझी.

वैजू